दाराच्या गाठीतले केस

सारिचाम, कुलाजवळ
३ मार्च १९७३

एल्मास,

आई गेली. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, भर दुपारी, ओट्यावर बसून डाळिंब सोलता सोलता. अर्धं सोललेलं डाळिंब तसंच हातात होतं. हे तुला चार महिन्यांनी कळवते आहे, त्यावरून काय बोलायचं ते बोल. सहा वर्षांपूर्वी तू निघालीस तेव्हा आपण एकमेकींना जे बोललो, त्याहून वाईट शब्द आता उरलेच नसतील.

हे पत्र मी कुलाला जाऊन टाकणार आहे. आपल्या पोस्टमनच्या हाती द्यायचं नाही, त्याला कारण आहे. तूही उत्तराच्या पाकिटावर मागे तुझं नाव घालू नकोस.

मला फार काही नको. एक ओळ पाठव. तुझ्या स्वतःच्या डाव्या हातची, नेहमीसारखी शाई फासलेली. ‘मी बरी आहे’ एवढंच लिही, पुढे-मागे शिव्या घातल्यास तरी चालतील.

मागच्या खोलीतला आपला कबरस्तानी गालिचा अजून मागावरच आहे. जर्मनीत सगळं यंत्रच विणत असेल आणि तू विसरली असशील, म्हणून आठवण करून देते. घरातलं माणूस गेलं की चाळिसाव्या दिवशी गावात हलवा वाटायचा आणि त्याचं घर विणायला घ्यायचं. मधोमध लहानसं घर, दोन्ही अंगांना एकेक सरूचं झाड. एकटीने बसायचं नाही. उजवं अर्धं घर उजवीकडचीने विणायचं, डावं डावीकडचीने. दोघींचे हात जिथे भेटतात तिथे दार, आणि दाराच्या शेवटच्या गाठीत त्या माणसाचे चार केस. केस बांधायचं काम डावीकडचीचं. आणि एकदा घर सुरू केलं की सुरू केलेल्या घराला माणूस लागतोच, म्हणून जिता माणूस चेष्टेतसुद्धा विणायचा नाही. पणजोबांपासूनची सगळी माणसं मागाच्या खालच्या तुळईवर गुंडाळून पडली आहेत.

डावी बाजू आईची, आणि तिच्या मांडीवर बसून तू शिकलीस म्हणून नंतर तुझी. दोघी डावऱ्या. उजवीकडे जन्मभर मी. आता आईच्या घराला डावीकडे कोण बसणार? शेजारची साती तेयझे येते, सख्ख्या मावशीसारखी. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, गाठ मारता येत नाही, पण आईची जिवाभावाची म्हणून हट्टाने मागासमोरच्या फळीवर बसते आणि जपमाळ ओढते. दोन्ही बाजू मीच विणते.

तर आता ऐक. सकाळी मी दोन्हीकडच्या चार-चार ओळी विणते, जेवते, द्राक्षमळ्यात जाते. परत येते तर डावी बाजू उसवलेली. उजवी जशीच्या तशी. डिसेंबरपासून हे चाललंय. दहा दिवसांचं घर, पण अडीच महिने झाले तरी अर्ध्याचं पूर्ण होत नाही. साती तेयझे म्हणते, मांजर असेल. आपलं मांजर इतकं हुशार असतं तर मी त्यालाच डावीकडे बसवलं असतं.

एक ओळ पाठव.

केझिबान


२५ मार्च १९७३

एल्मास,

उत्तर आलं नाही. टपाल सावकाश जातं, असं स्वतःला सांगते आहे.

ते मांजर नाही. उसवलेली लोकर मागाच्या डाव्या पायाशी ठेवलेली असते, रंगवार, लडी घालून. अंगठा आणि करंगळी यांच्याभोवती फुली घालत गुंडाळलेल्या लडी, आणि पीळ उलट्या अंगाला. अशी लडी या घरात दोनच बायकांनी घातली. एकीला मी माझ्या हातांनी न्हाऊ घातलं आणि कफनात गुंडाळलं. उरलीस तू.

परवा मळ्यात गेले नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहिले. दुपारचं ऊन खिडकीतून मागावर पडलेलं, सगळे धागे स्वच्छ दिसत होते. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. पाण्याचा घडा भरायला म्हणून अंगणात गेले तेव्हा आतून पंजाचा आवाज आला. ओळी ठोकायचा आपला लोखंडी पंजा. दोन ठोके, जरा थांबून एक. आईने शिकवलेला ठोका. तुला लागला, मला कधी लागला नाही, मी एकासारखे तीन घालते. आत आले तर पंजा खिळ्यावर टांगलेला होता आणि हळूहळू झुलत होता. खिडकी बंद होती.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहायला हवी होती. आईच्या या अर्ध्या घराच्या खाली एक पूर्ण घर आहे. ते तुझं आहे.

रागावू नकोस. दीड वर्षापूर्वी गावात एक बातमी आली की तू तिकडे वारलीस. कुणी आणली, कशी आणली, आता काय सांगू. आईने विश्वास ठेवला, आणि म्हाताऱ्या माणसाला कोण समजावणार. आम्ही दोघींनी मिळून तुझं घर विणलं, ती डावीकडे, मी उजवीकडे. दाराशी आलो तेव्हा तिने मला चहा आणायला पिटाळलं. परत येईपर्यंत केस बांधून झाले होते. तुझ्या लहानपणच्या वेणीची बट तिने जपून ठेवली होती, तीच असणार. पोस्टमनला तुझं नाव का दाखवायचं नाही ते आता कळलं असेल. तुझा हलवा त्यानेही खाल्ला आहे. दोनदा मागून घेतला.

त्यानंतर तुझं एकही पत्र आलं नाही.

लिही, एल्मास. बातमी खोटी होती हे मला माहीत आहे. पण तू लिही.

केझिबान


१७ एप्रिल १९७३

एल्मास,

सहा आठवडे झाले. मी रोज पोस्टमनची वाट बघते, ओट्यावर, आई बसायची त्याच दगडावर. तो लांबूनच मान हलवतो. आईला पाहून अशीच मान हलवायचा तेव्हा मला त्याचा राग यायचा, आणि मान का हलते हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तुझी पत्रं हरवत नव्हती. तो ती मला मळ्याच्या वाटेवर द्यायचा, मीच तसं सांगून ठेवलं होतं. एकोणपन्नास पत्रं आहेत, लोकरीच्या पोत्यात, तळाशी. आईला वाचता येत नव्हतं, मला येत होतं, आणि मी वाचून दाखवली नाहीत.

प्रत्येक पत्रात तू लिहायचीस की आईला इकडे घेऊन येते, खोली बघितली आहे, कागद करते आहे. आणि खाली माझ्याबद्दल, थोरल्या आब्लाची काळजी नाही, ती खंबीर आहे. खंबीर माणसाला एकट्याने घास गिळता येत नाही, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं का? तू अर्धा गालिचा मागावर टाकून गेलीस. माझं लग्नाचं वय त्या मागावर बसून गेलं. राहता राहिली आई, तर तीही तुला हवी होती. मला राग होता, एल्मास. अजूनही आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असतील.

बातमी गावात कुणी आणली नाही. मी आणली. आईला सांगितलं की गिरणीतून पत्र आलंय. म्हटलं, रडेल, चार महिने झुरेल, पण त्या दगडावरून तरी उठेल. आणि उठली. रडली नाही. म्हणाली, “बरं. चाळिसाव्याला तिचं घर करू.”

त्याच महिन्यात तुझी पत्रं थांबली. महिन्याला येणारं पत्र, चार वर्षं न चुकलेलं, जिता माणूस विणला आणि थांबलं. आता तूच सांग मी काय समजू.

म्हणून काल तुझं घर उसवायला बसले. गालिचा खालून वर जातो, त्यामुळे तुझं काढायचं तर आधी वरचं आईचं काढणं आलं. डावं उसवलेलंच होतं. उजवं मी काढलं, माझ्याच घट्ट गाठी, आकड्याने एकेक सोडवत. मेलेल्या आईचं घर मोडते आहे याची लाज वाटत होती, पण मी म्हटलं, आई समजून घेईल, जिती मुलगी आधी. दुपारपर्यंत तुझ्या छपराशी पोचले. पहिल्या गाठीत आकडा घातला.

आणि माझ्याखालची फळी डावीकडे वाकली.

तुला माहीत आहे ती फळी कशी वाकते. शेजारी कुणी बसलं की आपण इंचभर त्या बाजूला घसरतो. मी तशीच घसरले. माझा खांदा कशालाही लागला नाही, पण तिकडून सुक्या डाळिंबाच्या सालीचा वास आला. मी डावीकडे पाहिलं नाही. आकडा काढून घेतला, उठले, अंगणात जाऊन कोंबड्यांमध्ये उभी राहिले. कोंबड्या तरी जित्या होत्या.

आज सकाळी जाऊन पाहते तर मी उसवलेली आईच्या घराची उजवी बाजू परत विणून उभी. मी विणली नाही, भाकरीवर हात ठेवून सांगते. पण गाठी माझ्या आहेत. तोच ताण, तीच कात्रण, ओळ संपताना माझा हात जिथे चुकतो तिथेच चुकलेली.

माझ्या गाठींनी तू मेलीस का? एवढंच सांग. मेली असशील तर तसं सांग, कसं सांगायचं ते तुझं तू बघ.

केझिबान


६ मे १९७३
हिद्रेल्लेझचा दिवस

एल्मास,

गावात सगळे आज गुलाबाच्या झाडाला आपापल्या इच्छा बांधायला गेले आहेत. मी इथे बसून हे लिहिते आहे. जे तीनदा टाळलं ते आज सगळं लिहायचं आहे.

मंगळवारी रेफिक बे आला. इझमिरचा जुन्या गालिच्यांचा व्यापारी, तुला आठवत असेल, मिशीला तेल लावणारा. दर वर्षी कबरस्तानी गालिचा मागायला येतो आणि दर वर्षी चहा पिऊन जातो. मी कधी त्याला मागच्या खोलीत जाऊ दिलं नव्हतं. या वेळी दिलं, कारण माझ्याशिवाय आणखी कुणीतरी ते पाहावं असं वाटत होतं.

त्याने पुढून पाहिलंच नाही, मागाच्या पाठीमागे गेला. म्हणाला, “हानिम, गालिचा तोंडाने खोटं बोलतो, पाठीने नाही.” डोळ्याला भिंग लावून एकेक घर बघत वर आला आणि तुझ्या दाराशी थांबला.

“हे घर कुणाचं?”

“माझ्या धाकट्या बहिणीचं.”

“केवढी होती?”

“पंचवीस.”

“पंचविशीत केस पांढरे?” तो म्हणाला. “काय भोगलं असेल बिचारीने.”

मी म्हटलं, “नीट बघा. तिचे केस पिवळे. मक्याच्या शेंड्यांसारखे.”

“मी चाळीस वर्षं लोकर आणि केसच बघतोय,” असं म्हणून त्याने भिंग माझ्या हातात दिलं. “चार केस आहेत. जाड, पांढरे. टोकाला जुन्या मेंदीचा रंग. कुणा म्हातारीने मेंदी लावायची सोडली असणार.”

तू गेलीस त्या महिन्यात आईने मेंदी सोडली होती.

रेफिक बे काहीतरी भाव बोलत होता. मी त्याला चहासुद्धा दिला नाही, तसाच वाटेला लावला आणि साती तेयझेच्या दारात गेले. ती उन्हात डाळ निवडत बसली होती. माझं तोंड बघून तिने सूप खाली ठेवलं.

“आलीस?” ती म्हणाली. “दीड वर्ष वाट बघतेय. म्हटलं आता माझंच घर विणून झाल्यावर येतेस की काय.”

“तेयझे, एल्मासच्या दारात आईचे केस आहेत.”

“असणारच. मीच कात्री दिली.”

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझे शब्द मी आधी फार वापरलेत.

“तू ते पत्र वाचून दाखवलंस ना, त्यानंतर तुझ्या आईने ते मागून घेतलं. त्याच्यावर अंगठा फिरवला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण हात ओळखता येत होता. सगळी शाई डावरीच्या हाताने फासलेली. संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणते, साती, मेलेली पोर स्वतःच्या मरणाचं पत्र स्वतःच लिहिते का गं? शाळेतल्या बाईंकडे गेलो दोघी. त्यांनी वाचून दाखवलं. त्यात मरणाचं अक्षर नव्हतं. त्यात होतं की कागद झालेत, आईला न्यायला येते.”

“मग ती मला बोलली का नाही?”

“मी म्हटलंच तिला, की चपलेने झोड त्या घोडीला. तर म्हणते, नको. एल्मासकडे अख्खी जर्मनी आहे, हिच्याकडे एक भिंत आणि मी. मी गेले तर ही भिंतीशी बोलायला लागेल. बाईंकडून एल्मासला पत्र घातलं तिने. मी येत नाही, तू इकडे येऊ नकोस, तुझ्या आब्लाला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पत्रं सातीच्या नावाने घाल. तशी घालते ती पोर, महिन्याच्या महिन्याला.”

मी विचारलं, “जिती आहे?”

“तुझ्याहून जाडी झालीये,” असं म्हणून तिने कोनाड्यातून फोटो काढून दिला. तुझा. बर्फात उभी आहेस, पुरुषांचा कोट घातलेला. किती वेळ तो हातात धरून बसले ते मला सांगता येणार नाही. मी रडले, एल्मास. साती तेयझेने रडू दिलं आणि तेवढ्यात उरलेली डाळ निवडून घेतली.

मग म्हणाली, “तू गावभर हलव्याचं बोलून बसलीस, तेव्हा घर सुरू करणं भागच होतं. आणि सुरू केलेल्या घराला माणूस लागतोच. पोरीला कसं जाऊ देईल ती त्यात? तिने डोक्यावरचा रुमाल सोडला, आपलेच केस कापले. अकरा महिन्यांनी गेली, बघ, दुखणं ना खुपणं.”

मी तिला उसवण्याचं सांगितलं, फळीचं सांगितलं, ठोक्याचं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. “तिचं घर झालेलंच होतं, पोरी. तू तिला दुसरं बांधायला निघालीस. दुसऱ्या घराला दुसरा माणूस लागेल. ती उसवणार नाही तर काय करेल?”

शेवटी तिने सांगितलं की माझी पत्रं तुला मिळतात. तू तिला दर वेळी एकच विचारतेस, “आब्लाने सांगितलं का?” आईची अट होती म्हणे, मी माझ्या तोंडाने सगळं सांगेपर्यंत तू उत्तर द्यायचं नाही.

तर सांगते. दोन नोव्हेंबर एकाहत्तर, दुपार. आई तारहानाचं पीठ सुकत घालत होती. तुझं पत्र माझ्या ओढणीत होतं, त्यात लिहिलं होतं की वीस तारखेला येते आणि आईला घेऊन जाते. मी ते उघडलं, तुझ्या अक्षरांवर नजर ठेवली आणि मोठ्याने वाचलं, की आपली एल्मास गिरणीत यंत्रापाशी पडली आणि गेली, तिला तिथेच माती दिली. मध्ये एकदा थांबून डोळे पुसले, ते खोटे पुसले. तुझ्या स्वतःच्या पत्रातून मी तुझं मरण वाचून दाखवलं. आणि आईने ते ऐकताना तुझी फासलेली शाई बघितली, माझं तोंड बघितलं, आणि मला म्हणाली, “बस जरा, पाणी पी.” मला वाटलं धक्का बसलाय तिला. ती माझी कीव करत होती.

त्यानंतर वर्षभर तिने माझ्या हातचं खाल्लं, माझ्या शेजारी बसून विणलं, मला हिवाळ्यात मोजे केले. मी तिला मारलं, एल्मास. माझ्या अर्ध्या घराने.

झालं सांगून. आता तू लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव.

केझिबान


१४ जून १९७३

एल्मास,

तुझं पत्र आलं, थेट माझ्या नावाने, पोस्टमनच्या हातून. पाकिटावर मागे तुझं नाव बघून त्याने आधी तोबा केली. मी त्याला आणि चौकात बसलेल्या सगळ्यांना तिथेच उभ्या उभ्या सांगितलं की माझी बहीण जिती आहे, मी खोटं बोलले होते. पोस्टमनने एवढंच विचारलं, “म्हणजे तो हलवा परत करायचा का?” तेव्हा एक-दोघं हसली. बाकीचे अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

“आब्ला, ९ जुलैला येते. डावीकडची जागा ठेव.” एवढीच ओळ. मी तिच्यावर अंगठा फिरवला. शाई फासलेली आहे. तूच आहेस.

तू यायच्या आधी तुला काही सांगायला हवं. आता मी काही लपवत नाही, म्हणून हेही सांगते.

साती तेयझेकडून आले त्या दिवशीच मी त्या दुसऱ्या घराची उजवी बाजू पुन्हा उसवली. म्हटलं, आईला घर आहे, मग हे नको. दुसऱ्या दुपारी ती परत उभी. पुन्हा उसवली, पुन्हा उभी. मी आता मागावर बसतच नाही, आठ दिवस खोलीला कडी घालून ठेवली, तरी रोज दुपारी उजवीकडे माझ्या हातची एक ओळ वाढलेली असते. सुरुवातीला डावी बाजू आई उसवत राहिली. लडी सापडायच्या, दिवसेंदिवस सैल होत गेलेल्या. मे सरता सरता लडी सापडायच्या बंद झाल्या. आता डावी बाजूही वर येते आहे. आईने जमेल तेवढं थोपवून धरलं, पण सुरू मी केलं होतं. दमली असेल.

दाराला अजून चाळीस ओळी आहेत. रोज एक, म्हणजे तू आल्यावर आपल्याला पंधरा दिवस मिळतील. सहा वर्षांच्या मानाने थोडे आहेत, पण मला वाटलं होतं एकही मिळणार नाही.

मी वेणीतून एक बट कापून ठेवली आहे. केस बांधायचं काम डावीकडचीचं, म्हणून ती फळीच्या डाव्या टोकाला ठेवली होती. दुपारी परत आले तर ती माझ्या उशीवर होती, उलट्या पिळाची लडी घालून. तीनदा ठेवली, तीनदा परत आली. तिला माझीही द्यायची नाही. आईचं ऐकायची सवय मला कधीच नव्हती, आता तरी कुठून लागणार. मी रोज सकाळी अंगणात बसून डाव्या हाताने गाठ मारायला शिकते आहे. वाकडी येते, पण बसते.

घरात तुझा एकही केस ठेवलेला नाही. तुझी जुनी उशी जाळली, लाकडी कंगवा उकळत्या पाण्यातून काढला, तुझ्या लहानपणच्या वेणीची बट पेटीत तळाशी सापडली, तीही चुलीत घातली. तुझ्या हातच्या गालिच्यांत काही अडकलं असेल म्हणून साती तेयझे आणि मी ते चारही गालिचे ओढ्यावर नेऊन झोडपले. ती म्हणाली, इतके धुतलेस तर बहीण येऊन म्हणेल, माझं आहे तरी काय इथे. मी म्हटलं, म्हणू दे.

नऊ तारखेला कुलाच्या बसथांब्यावर मी उभी असेन. भांडायचं असेल तर तिथेच भांडून घे, लोक बघू देत. घरी आलीस की आधी जेव. मग मागच्या खोलीत जाऊ. डावीकडे बसण्याआधी विचार, “आई, बसू का?” फळी हलकी होईल, मग बस. शिवी देत बसलीस माझ्या शेजारी तरी मला चालेल.

फक्त त्या खोलीत डोक्यावरचा रुमाल सोडू नकोस. कितीही उकडलं तरी सोडू नकोस.

तुझी आब्ला